गुहेतली धाकटी

ज्या म्हाताऱ्या कोळ्यावर मी वर्षभर डूख धरून होते, त्याला मी कधी पाहिलेलं नाही. तो भूमध्य समुद्राच्या एका खडकाळ किनाऱ्यावर राहतो, मी नोएडात अकराव्या मजल्यावर. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येण्याचा प्रश्नच नाही. तरी सकाळी लॅपटॉप उघडला की पहिली त्याची आठवण व्हायची आणि मी मनात म्हणायचे, मेल्या, काय केलंस रे तिचं?

ती म्हणजे धाकटी. धाकटी ही एक सील होती. सील समुद्रात मासे पकडते आणि पिल्लाला जन्म द्यायला काठावर येते. तोंड कुत्र्यासारखं, डोळे मोठे आणि ओले, अंग गच्च भरलेल्या गोणीसारखं. या जातीच्या सील जगात फार थोड्या उरल्यात. माणसांना भिऊन त्यांनी उघडे किनारे सोडले आणि समुद्रातल्या गुहांमध्ये जाऊन त्या विऊ लागल्या. अशाच एका गुहेत कॅमेरा लावलेला आहे, काही हललं की तो आपोआप फोटो काढतो. त्या गुहेत येणाऱ्या एका कुटुंबाचे चौदा वर्षांचे फोटो आमच्या ऑफिसात आले, आणि कोण कोणाची कोण हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं.

आमचं ऑफिस छोटं आहे. फोटोंवर खुणा करून देणं हा आमचा धंदा. कोणी रस्त्यावरच्या गाड्यांचे फोटो पाठवतं, कोणी टोमॅटोच्या पानांवरच्या डागांचे. आम्ही त्यांवर चौकोन काढतो, नावं लिहितो आणि परत पाठवतो, त्यातून संगणक शिकतो. पुण्याहून आले तेव्हा आयटीत काहीतरी मोठं करून दाखवीन असा माझा समज होता. प्रत्यक्षात मी आठ महिने ट्रॅक्टरच्या टायरांभोवती चौकोन काढले. त्यामुळे सीलचं काम आल्याबरोबर मी हात वर करून ते मागून घेतलं. टायरला आई नसते, बहीण नसते, तो गेल्या वर्षी कुठे होता असा प्रश्न पडत नाही. इथे पहिल्याच दिवशी मला पन्नास प्रश्न पडले.

काम असं होतं. पिल्लू जन्मतं तेव्हा काळं असतं आणि त्याच्या पोटावर पांढरा डाग असतो, प्रत्येकाचा वेगळ्या आकाराचा. पुढे लव गळते, रंग बदलतो, मग ओळखायचं ते अंगावरच्या व्रणांवरून. खडकावर घासल्याचे, नराने चावल्याचे, बोटीच्या पंख्याचे व्रण. फोटोतली गुहा कापून टाकायची, फक्त सीलचं अंग ठेवायचं आणि जुन्या फोटोंशी ताडून पाहायचं. काम देणारी शास्त्रज्ञ बाई त्या किनाऱ्यावर नवीन होती. आधीचे शास्त्रज्ञ निवृत्त झाले आणि त्यांच्या फोटोंचा सगळा ढीग हिच्या गळ्यात पडला. तो लावून घ्यायला तिने आम्हाला गाठलं. जुन्या सील तिनेही डोळ्यांनी पाहिलेल्या नव्हत्या, हे पुढे फार महत्त्वाचं ठरलं.

आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करायचे. हे फोटो कोणालाही दाखवू नयेत, घरच्यांनाही नाही, असं करारात स्पष्ट लिहिलं होतं. पण सासूबाई घरच्या असल्या तरी आधी पोस्टाच्या आहेत, अशी मी स्वतःची समजूत घातली. साताऱ्याहून लग्न होऊन त्या दिल्लीला आल्या, करोलबागेजवळच्या एका पोस्टात चिकटल्या आणि एकतीस वर्षं काउंटरवर बसून लोकांच्या सह्या ताडून पाहत राहिल्या. पैसे काढायचा फॉर्म आला की त्यावरची सही आणि कार्डावरची सही. जुळली तर पुढे, नाही तर परत. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी डोळ्यांची ती खोड गेलेली नाही. लग्नपत्रिका आली तरी त्या आधी पाकिटावरचं अक्षर बघतात.

एकदा त्या चहा ठेवायला आल्या आणि पडद्यासमोर थबकल्या.

"या दोघी एकच म्हणून लिहिलंयस?"

"हो आई. दोघींच्या मानेवर दोन रेघा आहेत, बघा ना."

"रेघा कोणाच्याही असतील. शेवट बघ. हिची रेघ जाड होऊन संपते, तिची बारीक होत जाते. हात वेगळा आहे." चहाचा कप त्यांनी माझ्या हातात दिला. "सहीत अक्षर बघायचं नसतं गं. हात कुठे थांबला ते बघायचं."

मी त्या दोघींना वेगळं केलं. महिन्याभराने जुन्या फोटोंचा पुढचा गठ्ठा आला आणि दोघी एकाच चौकटीत शेजारी-शेजारी झोपलेल्या निघाल्या. त्या दिवसापासून सासूबाईंसाठी माझ्या टेबलाशेजारी वेताची खुर्ची कायमची मांडली गेली.

बाईच्या कागदांत सील म्हणजे एक अक्षर आणि दोन आकडे. सासूबाईंना ते पटेना, माणसाला का कोणी असं बोलावतं, म्हणाल्या. पाठीवर बोटीच्या पंख्याचे तीन वार असलेली सगळ्यात जुनी मादी, ती थोरली झाली. तिची मुलगी मधली. आणि तिच्याहून एका वर्षाने लहान, ती धाकटी. माझी मुलगी दिल्लीत जन्मली, दिल्लीतच वाढली. तिने विचारलं, "धाकटी म्हणजे?"

"छोटीवाली," मी सांगितलं.

"मग छोटीवालीच म्हणा ना, आजी."

"मुळीच नाही," आजी म्हणाली. "सीलला मराठी येत नसेल, पण तुला यायला पाहिजे."

मधली आणि धाकटी दिसायला हुबेहूब सारख्या. पिल्लं असताना दोघींच्या पोटावर कापलेल्या फणसाच्या आकाराचा डाग. मोठेपणी दोघींच्या कुशीवर विळ्यासारखा व्रण, फरक एवढाच की मधलीचा डावीकडे, धाकटीचा उजवीकडे. डाग आईकडून आला असेल हे ठीक, पण जखम कशी सारखी होईल? या प्रश्नाने मला आठवडाभर झपाटलं. मेट्रोत उभी असताना मी आपल्याच कमरेला हात लावून विचार करत राहायचे आणि बायका माझ्याकडे बघायच्या. शेवटी मी उत्तर शोधून काढलं. गुहेच्या तोंडाशी एक धारदार खडक असणार. मधली आत शिरताना त्याला घासली, धाकटी बाहेर पडताना. म्हणून एकीच्या डाव्या कुशीला, एकीच्या उजव्या. मी हे बाईला सविस्तर लिहून पाठवलं. तिला ते इतकं आवडलं की तिने आपल्या अहवालात घेतलं. मी तो परिच्छेद नवऱ्याला दोनदा वाचून दाखवला. कामातून एवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

धाकटीवर माझा जास्त जीव होता हे कबूल करते. मधली कॅमेऱ्याकडे पाठ करून पडायची किंवा तिरकी बघायची. धाकटीही तशीच पडायची, तशीच तिरकी बघायची, पण मला ती जास्त मिश्किल वाटायची. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

आमच्या हाती आलेले जुने फोटो संपले आणि दर हंगामाला नवे यायला लागले. पहिल्या हंगामात थोरली आली, मधली आली, इतर आल्या, धाकटी आली नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. सील कधीकधी दुसरी गुहा शोधते, म्हणून आम्ही आजूबाजूच्या गुहांचे फोटोही मागवले. सासूबाई भिंग घेऊन बसायच्या. आम्ही शेकडो फोटो पाहिले. सोसायटीच्या बागेत फिरायला जाणाऱ्या त्यांच्या मैत्रिणींनाही सगळी हकिगत ठाऊक झाली होती. रोज संध्याकाळी बाकावरून चौकशी व्हायची, "बहनजी, छोटीवाली मिली क्या?" एकीने तर निर्वाळाच दिला, "मायके गई होगी." सासूबाईंनी तिला गंभीरपणे समजावलं की ही गुहा हेच तिचं माहेर आहे.

मग बाईने त्या कोळ्याबद्दल सांगितलं. गुहेपासून थोड्याच अंतरावर एक म्हातारा वर्षानुवर्षं जाळं लावत होता. जाळ्यात अडकून सील बुडून मरतात, हे त्या किनाऱ्यावर पूर्वी घडलेलं होतं. तिने त्याला धाकटीचे फोटो दाखवून विचारलं. तो म्हणाला, माझ्या जाळ्यात सील कधी आलेली नाही. प्रकरण तिथल्या अधिकाऱ्यांकडे गेलं. त्याची जाळं लावायची जागा काढून घ्यायची की नाही, हे वर्षभराने होणाऱ्या बैठकीत ठरणार होतं आणि पुरावा म्हणून धाकटीची सगळी नोंद हवी होती. ती पहिल्यांदा कधी दिसली, शेवटची कधी दिसली, मध्ये कुठे कुठे दिसली. ही नोंद मी करून द्यायची होती.

"सील कधी आलेली नाही म्हणे," मी घरी येऊन पर्स फेकली. "चोराच्या उलट्या बोंबा!"

"तू पाहिलंस का त्याला पकडताना?" सासूबाईंनी विचारलं.

"पाहायला कशाला पाहिजे? जाळं त्याचं, गुहा शेजारी आणि धाकटी गायब."

 मी कामाला लागले. त्या माणसाची जागा गेलीच पाहिजे, असं मी ठरवूनच टाकलं होतं. धाकटीचे एकूण एकोणीस फोटो होते. त्यांतल्या एकाही फोटोवर तारीख नव्हती. कॅमेऱ्याची बॅटरी संपली की त्याचं घड्याळ गोंधळतं, हे आधीही झालं होतं, म्हणून फाइलींच्या क्रमावरून आम्ही वर्ष धरलं होतं. आता शेवटचा महिना तरी नक्की करावा म्हणून मी धाकटीचे आणि मधलीचे सगळे फोटो कागदावर छापले. पडद्याकडे फार वेळ बघून सासूबाईंच्या डोळ्यांना पाणी यायचं. घरात पातळ कागदाचा स्वस्तातला गठ्ठा पडून होता, तोच वापरला.

जानेवारीतला दिवस होता. आठवडाभराच्या धुरक्यानंतर पहिल्यांदा स्वच्छ ऊन पडलं होतं. सासूबाई शाल गुंडाळून बाल्कनीत बसल्या होत्या, मांडीवर मधलीची पानं, हातात धाकटीची. मी आत टाइप करत होते.  मग हाक आली, तीही अशी की मी चप्पल न घालताच बाहेर गेले.

त्यांनी धाकटीचं एक पान उन्हासमोर धरलं होतं, पण पाठीकडून. छापलेली बाजू उन्हाकडे, कोरी बाजू आपल्याकडे. पातळ कागदातून धाकटी आरपार दिसत होती. विळ्यासारखा व्रण आता डावीकडे होता.

"आता हे बघ," त्यांनी मांडीवरचं मधलीचं पान उचलून शेजारी धरलं. "कार्बन उलटा लागलाय."

"म्हणजे?"

"आमच्या वेळी प्रत काढायला दोन कागदांत कार्बन घालायचो. घाईत तो उलटा लागला की खालची प्रत कोरीच राहायची आणि वरच्याच पानाच्या पाठीवर सगळं उलटं उमटायचं. नवा माणूस असला की हमखास व्हायचं. पान उन्हात धरलं की कळायचं, दोन नाहीत, एकच आहे." त्यांनी हात खाली घेतला. "अगं, ही मधलीच आहे."

कार्बन कोणी उलटा लावला ते मला त्याच क्षणी कळलं.

आमच्या धंद्यात एक साधी युक्ती आहे. संगणकाला शिकवायला फोटो कमी पडले की प्रत्येक फोटो आरशात दिसावा तसा उलटा करायचा, एकाचे दोन होतात. सगळेच करतात. अट एकच, हे उलटे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये राहिले पाहिजेत, खऱ्या नोंदीत मिसळता कामा नयेत. काम सुरू झालं त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी सगळे घरी पळायच्या घाईत होते. एका मुलीने मला विचारलं, "मैम, ये दोनों फोल्डर मर्ज कर दूँ?" मी तिकिटाचा पीएनआर बघत होते. मी म्हटलं, "हाँ हाँ, कर दो." ते फोल्डर काय होते हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. मधलीचे फोटो सगळ्यांत कमी होते, म्हणून उलटे केले होते ते फक्त तिचेच. उलटे करताना फोटोंच्या तारखा गळून पडल्या आणि ते रांगेत शेवटी जाऊन बसले. म्हणून धाकटी एका वर्षाने लहान. गुहा आम्ही आधीच कापून टाकलेली, नाहीतर खडक उलटे दिसले असते आणि कोणाच्याही लक्षात आलं असतं. पुढच्या हंगामांत आम्ही फोटो उलटे केले नाहीत, म्हणून धाकटी गायब.

तरी मी खात्री करून घेतली. धाकटीचे एकोणीस फोटो एकेक करून परत उलटे केले आणि मधलीच्या फोटोंवर ठेवले. एकोणीसच्या एकोणीस तंतोतंत बसले, मिशीवरचा पाण्याचा थेंबसुद्धा. तो घासणारा धारदार खडकही कुठे नव्हता. तो मी नोएडात बसून तयार केला होता.

मला रडू आलं. कशाचं ते मलाच कळेना. ती मेली असती तर निदान जगली तरी असती. नवरा ऑफिसातून आला तेव्हा मी त्याला सांगितलं, धाकटी नव्हतीच. तो बूट काढता काढता थांबला आणि म्हणाला, "मग आपण इतके दिवस कोणाला शोधत होतो?"  संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "मीही त्या दोघींना कधी शेजारी ठेवलं नाही. तू धाकटी दाखवायचीस, मी धाकटी बघायचे. पोस्टात असं केलं असतं तर मेमो हातात पडला असता."

बागेत मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं. मैत्रिणींना ते झेपलं नाही. "थी ही नहीं? ऐसे कैसे? दो साल से तो ढूँढ रहे हैं!"

ऑफिसात मी मॅनेजरला सांगितलं. तो वाईट माणूस नाही, घाबरट आहे. त्याने दार लावून घेतलं.

"मैम, इसमें इतना सोचना क्या? मिसिंग लिख दीजिए. दो साल से वैसे भी नहीं दिखी."

"पर वो थी ही नहीं."

"किसको पता है?"

"उस मछुआरे का क्या?"

"जाल तो वो डालता ही है ना? आज नहीं तो कल कोई फँसेगी. अच्छा ही है, हट जाए."

मी हे लगेच झिडकारलं असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. दोन दिवस मी त्याचं म्हणणं मनात घोळवत होते, कारण त्यात तथ्य होतं. जाळं हटलं तर मधली सुरक्षित, थोरली सुरक्षित, जी पिल्लं यायची आहेत ती सुरक्षित. एका नसलेल्या सीलच्या नावाने असलेल्या वाचणार असतील तर वाईट काय? शिवाय खरं सांगितलं तर बाईच्या यादीतली एक वयात आलेली मादी कमी होणार. जिथे मुळातच बोटांवर मोजण्याइतक्या, तिथे एक कमी. आणि माझी फजिती होणार ती वेगळीच. मी खडकाचा शोध लावलेली बाई होते.

तिसऱ्या दिवशी मी हे सगळं सासूबाईंना बोलून दाखवलं. त्या मेथी निवडत होत्या.

"काउंटरवर एक बाई यायची," त्या म्हणाल्या. "नवरा अंथरुणाला खिळलेला. त्याची सही तीच करायची, मला कळायचं. पैसे त्यांचेच, गरज खरी, बाई खरी. तरी मी फॉर्म परत द्यायचे. मग पोस्टमास्तरांना सांगून माणूस तिच्या घरी पाठवायचे, त्याचा अंगठा घ्यायला. गरज खरी म्हणून सही खरी होत नाही गं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "जाळं हटवायचं असेल तर त्या बाईला सांग, खऱ्या सील दाखवून हटव. आपण साप म्हणून भुई धोपटली आणि वर त्या म्हाताऱ्याला सापासकट पकडून द्यायला निघालो."

मी त्याच दुपारी पत्र लिहिलं. एकोणीस जोड्या पाठवल्या, फोल्डर कोणी मिसळायला सांगितलं ते लिहिलं, खडकाचा परिच्छेद काढून टाकावा अशी विनंती केली. मॅनेजरला प्रत पाठवली आणि फोन बंद करून मेथीच्या भाजीला फोडणी दिली.

चार दिवस उत्तर नाही. या चार दिवसांत मी नोकरीच्या जाहिराती बघितल्या. पाचव्या दिवशी बाईचा व्हिडिओ कॉल आला. सासूबाईंना मी माझ्या शेजारी बसवलं. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, आणि त्यांनी कॉटनची इस्त्रीची साडी आधीच नेसून ठेवली होती.

बाई चिडलेली नव्हती. थकलेली दिसत होती. म्हणाली, काम तुमच्याकडेच राहील, पण सगळे फोटो पहिल्यापासून पुन्हा तपासायचे आणि या आजी तपासतील. सासूबाईंना मी मराठीत सांगितलं. त्यांनी मान हलवली, नेमणुकीचं पत्र घ्यावं तशी. मग मी विचारलं, बैठकीचं काय? त्या कोळ्याची जागा राहिली ना?

बाई म्हणाली, बैठक झालीच नाही. त्याने जाळं गेल्या वसंतातच उचललं होतं, स्वतःहून. कोणाला कारण सांगितलं नव्हतं.

तुमचं पत्र आल्यावर मी त्याच्या घरी गेले, ती सांगत होती. मी त्याला दोन्ही फोटो दाखवले, एक उलटा करून दुसऱ्यावर ठेवला. त्याने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग तो सांगायला लागला. पहिल्यांदा मी विचारलं तेव्हा तो खरंच बोलत होता, त्याच्या जाळ्यात सील आलेली नव्हती. पण मी फोटो दाखवले होते, ती कोणत्या वर्षापर्यंत दिसली ते सांगितलं होतं. एवढी शिकलेली माणसं सांगतात तर खोटं कसं असेल, असं त्याला वाटायला लागलं. मग त्याला आठवलं की त्या वर्षी एकदा जाळं फार जड लागलं होतं आणि वर काढलं तर मोठं फाटलेलं होतं. तीच असणार. आपल्याच जाळ्यात तडफडून गेली असणार आणि आपल्याला कळलंही नाही, असं त्याने स्वतःशी धरलं. त्या दिवसापासून त्याने जाळं लावलं नाही. लहान होडीतून गळ टाकून मिळेल तेवढं आणायचा. गुहेसमोरून जाताना इंजिन बंद करायचा आणि वल्ही मारत जायचा.

मी विचारलं, आता सगळं कळल्यावर तो काय म्हणाला?

बाई म्हणाली, त्याने एकच विचारलं. मग त्या दिवशी जाळं कशाने फाटलं?

कॉल संपला. मी हे सगळं सासूबाईंना मराठीत सांगितलं. मी ज्या खडकाची गोष्ट रचली, तशीच त्याने आपल्या फाटक्या जाळ्याची रचली. माझ्या गोष्टीने मला शाबासकी मिळाली, त्याच्या गोष्टीने त्याला वर्षभर वल्ही मारायला लावली. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग उठल्या, आत जाऊन चष्मा घेऊन आल्या.

"त्याला पत्र लिही," म्हणाल्या. "त्या बाईला नाही. त्याला. ती वाचून दाखवेल."

पोस्टात असताना त्यांनी शेकडो लोकांची पत्रं लिहून दिली होती, ज्यांना लिहिता यायचं नाही त्यांची. त्या सांगत गेल्या, मी इंग्रजी करत गेले. नमस्कार. आम्ही दिल्लीजवळ राहतो. तुमच्या गुहेतल्या सीलचे फोटो आम्ही बघतो. ज्या सीलबद्दल तुम्हाला विचारलं गेलं ती नव्हती, त्यामुळे तुमच्या हातून तिचं काही झालेलं नाही. इथपर्यंत ठीक चाललं. पुढची ओळ मी त्यांची वाट न बघता लिहिली.

"काय लिहिलंस?"

"झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगीर आहोत."

"गैरसमज कसला? चूक लिही. आणि कोणाची तेही लिही." त्या पडद्याकडे वाकून बघत होत्या. "नाहीतर तो पुन्हा स्वतःवरच घेईल."

मी ती ओळ खोडली आणि लिहिलं, चूक माझी होती.